पाण्याबाहेरचं एक वर्ष

मला पाण्याकडे बघत बसायची खोड लहानपणापासूनची. माहेरी बघण्यासारखं पाणी नव्हतं. एक खोल विहीर होती, तिच्या तळाशी परातीएवढा उजेड दिसायचा, त्याच्यावरच मी समाधान मानलं होतं. लग्न होऊन जवळा बाजारच्या अलीकडच्या गावात आले, पहिल्या सकाळी घागर घेऊन तळ्याच्या पाळीवर चढले आणि तिथंच उभी राहिले. मागच्या बायकांची वाट अडली. एक जण म्हणाली, "पाटलाच्या सुनेनं तळं कधी पाह्यलं न्हाई वाटतं." खरंच पाहिलं नव्हतं. पण असं तोंडावर म्हटलेलं मला खपत नाही, म्हणून मी मुद्दाम आणखी थोडा वेळ उभी राहिले.

निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं. जगात कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि आमच्या गावात तिची खूण एवढीच होती की कापड मिळत नव्हतं आणि रॉकेल मिळत नव्हतं. गावच्या विहिरी मचूळ. त्या पाण्यात डाळ दिवसभर उकळली तरी दाणा फुटून दाण्यात मिसळत नसे. म्हणून प्यायला आणि शिजवायला तळ्याचंच पाणी. उगवतीकडून ओढा यायचा, त्याच्या तोंडाशी पानकणसांचं दाट बेट होतं. मधे कमळं होती. मावळतीच्या अंगाला शिंगाड्याच्या वेली, पानं पाण्यावर गोल गोल मांडलेली. घाटासमोर मात्र मोकळं, नितळ पाणी; बुडालेल्या पायऱ्या खालपर्यंत मोजता येत. आणि या सगळ्याच्या पोटात शेवाळाचं एक रान होतं. दुपारी वारा पडला की वरचं एक पानही हलत नसे, पण खालचं रान आपलं संथ डुलत राही. कोण हलवत असेल त्याला, याचा विचार करताना माझ्या भाकरी किती वेळा करपल्या, ते सासरच्यांनाच ठाऊक.

तळ्याची मालकी सरकारची, मान आमच्या घराचा, आणि तळं मात्र मावशीचं. मावशी भोयाची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, वय पन्नाशीच्या घरात. तिच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक काम चालत आलं होतं: तळ्याचं पाणी राखायचं, आणि त्याच्या बदल्यात शिंगाडा तिचा. गावात सगळे तिला मावशीच म्हणत. ती मला, पाटलाची सून म्हणून, अहोजाहो करी. आणि मी वयानं लेकीसारखी असून तिला एकेरीत बोले. तेव्हा ते कुणालाच वावगं वाटत नसे, मलाही नाही.

तिची काम करायची रीत बघण्यासारखी होती. छातीभर पाण्यात उभी राहून दुबेळक्याचा, टोकाला दोन फाटे असलेला बांबू खाली घालायची, हलकेच फिरवायची, आणि शेवया गुंडाळाव्यात तसं शेवाळ त्याच्याभोवती गुंडाळून वर काढायची. एक पट्टा काढला की शेजारचा पट्टा तसाच ठेवायचा. ओढ्याच्या तोंडच्या पानकणसांना तर हातच लावायचा नाही. पुराचा गाळ तिथं अडतो, ती म्हणायची. काढलेलं शेवाळ पाळीवर वाळवून शेतकऱ्यांना खताला द्यायची. मी एकदा विचारलं, "सगळंच का नाही काढून टाकत?" तर ती म्हणाली, "तळ्याला उघडं करू न्हाई, सूनबाई. त्याला बी अंगावर कापड लागतंय." मला ते तेव्हा नुसतं गोड वाटलं. त्याचा अर्थ पुढं मी स्वतःच्या हातानं शिकले.

जेवणं झाली, घर लवंडलं की मी धुण्याचं निमित्त करून घाटावर जायची. मावशी पाण्यातून वर येऊन पायरीवर बसलेली असायची. बोलणं फार नसायचं. पाण्यावरून एखादा निळा चतुर जायचा, कमळाच्या पानावर एक पाणकोंबडी पाय मोजत चालायची, आणि मला वाटायचं की हे सगळं मी बघत नाहीये, झोपेत आठवत आहे. धुणं कोरडंच राही. तहान लागली की मी तिथंच ओंजळीनं पाणी प्यायची.

अशाच एका वर्षी शिमगा झाल्यावर मावशीच्या घोट्यावर फोड आला. दोन दिवसांत तो फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू डोकावला. नारू तेव्हा आमच्याकडे नवा नव्हता. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं कुणाला तरी निघायचाच. रक्त तापलं की निघतो, असं लोक म्हणत. त्याला काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटू द्यायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आग मात्र भयंकर. मावशीसारखी बाई, पण ओठ चावून रडायची. थंड पाण्यात पाय घातला की तेवढा वेळ आग शांत व्हायची. म्हणून रोज दुपारी मी तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवायची, आणि ती पाण्यात पाय सोडून डोळे मिटायची. जखमेतून तांदळाच्या धुवणासारखी एक पांढुरकी रेघ निघायची आणि पाण्यात हळूहळू विरघळायची. मी ती रेघ कितीतरी वेळ बघत बसायची. मला ती सुंदर वाटायची, हे आता लिहिताना अंगावर काटा येतो.

तीन आठवडे असे गेले. मग लेकरांना देवीचं टोचायला कळमनुरीचे एक मुसलमान गृहस्थ आले. दरवर्षी यायचे, पांढरी दाढी, पिशवीत सुया आणि एक भिंग. दुपारी हातपाय धुवायला घाटावर आले. मावशी त्या दिवशी अंग मोडून घरी पडली होती. मी सहज विचारलं की एवढी औषधं निघाली, तर नारूवर कुणी काही काढलं का. त्यांनी पिशवीतून काचेचा पेला काढला, पाण्यानं भरला, उन्हाकडे धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"बराबर देख, बेटी. क्या दिखता?"

पाण्यात धुळीएवढे कण होते आणि ते उड्या मारत होते.

"ये कीड़ा नारू का बीज खाता," ते म्हणाले. "नारूवाला आदमी पानी में पाँव डाला, तो बीज पानी में गया. कीड़ा बीज खाया, तुम कीड़े को पिये. एक साल चुप बैठता. फिर निकलता." मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "दोन पदरी कपड्यानं पानी गाळून प्या. अन्‌ नारूवाल्याला पान्यात उतरू देऊ नका. पाटलास्नी सांग."

ते निघून गेले आणि मी पायरीवर बसून राहिले. समोर तेच तळं, तीच कमळं, तोच उजेड. पण मला पहिल्यांदाच पाण्याकडे बघवेना.

मामंजींना सांगायचं म्हणजे काय होणार, हे मला लख्ख दिसत होतं. माझे सासरे मनानं वाईट नव्हते, पण पाटील होते. चावडीवर दवंडी पिटली जाणार, भोयाच्या बाईनं तळं नासवलं म्हणून सारा गाव तिच्यावर उठणार, आणि मग शिंगाडाही गेला आणि पाणीही गेलं. पाण्याशिवाय मावशीला दुसरं काहीच नव्हतं. मी गप्प बसले. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. मला ती हवी होती, एवढंच.

पण पाणी गाळणं भाग होतं, आणि तेही घरोघरी. कापड तर चिंधीभर मिळेना. मामंजींचा एक जुना, मऊसूत फेटा पेटीत पडून होता, तो मी काढला आणि त्याचे चौकोनी तुकडे केले. हिंगोलीकडचे जैन लोक पाणी गाळून पितात, त्यानं आयुष्य वाढतं, असं सांगत घरोघरी वाटले. बायका हसल्या, पण फुकटचं मलमली कापड कोण सोडतं? घागरीच्या तोंडाला फडकं बांधायची रीत पडली. मामंजींना आठ दिवसांनी पत्ता लागला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते ओसरीवर बसून मोठ्यानं म्हणाले, "ज्याच्या त्याच्या दारात मला माझंच डोकं दिसून राह्यलंय." आणि हसू दाबत आत गेले.

मावशीचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. मी तिला घाटावर न्यायचं टाळू लागले. पाळीच्या पलीकडे एका दगडावर बसवायची, घागर आणून पायावर पाणी ओतायची. दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी माझा हात बाजूला सारून म्हणाली, "माज्या नारूचा इटाळ वाटून राह्यला का तुमाला? काहून पान्यापाशी जाऊ देत न्हाईत?"

तिचे डोळे भरून आले होते. मला खोटं सुचेना, आणि सुचलं असतं तरी बोलवलं नसतं. मी सगळं सांगितलं. भिंग, उड्या मारणारे कण, पांढरी रेघ, वर्षभर गप्प बसणारं बी.

तिनं पाय जवळ ओढून पदरानं झाकला.

"म्हंजी माज्या पायातून गावाच्या तोंडात," ती म्हणाली. "ज्या पान्यावर म्या जलमभर पोट भरलं, त्याच्यात."

"तुला कुठं माहीत होतं, मावशी? मलाही नव्हतं."

"पान्याला काय सांगू? ठावं नव्हतं म्हनून?"

त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नाही. महिन्यानं नारू पूर्ण निघाला, जखम भरली, कातडी आली. मी म्हटलं, आता काही भीती नाही, जा. तिनं मान हलवली. "एक वर्स जाऊ द्या. पुढला वैशाख सरेस्तोवर गावात कुनालाच नारू निघाला न्हाई, तर म्या उतरीन. कुनाला एकाला जरी निघाला, तर या तळ्यात पुना पाय घालनार न्हाई." तिचं म्हणणं म्हणजे दगडावरची रेघ, हे मला ठाऊक होतं. तरी मी भांडले. रागावून दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. लोकांना तिनं सांगितलं की पायात जोर राहिला नाही.

पाऊस पडून तळं भरलं आणि शेवाळ माजलं. शिंगाड्याचं बी मावशीनं घरी रांजणात पाण्याखाली ठेवलं होतं. ते वाळलं की मरतं. त्याला कोंब फुटले आणि तळ्यात कुणी लावायला नाही. मी मामंजींना म्हटलं, मी उतरते. ते म्हणाले, "पाटलाची सून भोयाचं काम करनार? मग मी काय जाळं टाकू?" पण प्यायच्या पाण्याला वास येऊ लागला होता, आणि दुसरं कुणी पुढं येत नव्हतं. गरज पडली की पाटीलकीही डोळेझाक करते.

पाण्यात उतरून बघितलेलं तळं वेगळंच असतं. पानं डोळ्यांच्या रेषेत येतात. आभाळ हनुवटीपाशी असतं. पायाखालचा गाळ लोण्यासारखा मऊ आणि थंड, आणि शेवाळ पोटऱ्यांना हळूच स्पर्श करून जातं, कुणी ओळखीच्यानं विचारपूस करावी तसं. मी बांबू हातात धरून कितीदा नुसतीच उभी राहायची. पाळीवर मावशी बसलेली असायची, पाण्यापासून चांगली दहा हात दूर, आणि तिथून ओरडून सांगायची: "हातभर पल्ल्याड! मुळापासून उपटू नका! आता थांबा, लई झालं!" मी कोंब लावले. ते धरले. मग अंगात आलं म्हणा की शहाणपण नडलं म्हणा, मी घाटाच्या अंगचं सगळंच्या सगळं शेवाळ काढून टाकलं. एक पट्टा सोडला नाही. मावशी त्या दिवशी तापानं पडली होती, आणि मला तिला चकित करायचं होतं.

आठ दिवस पाणी आरशासारखं होतं. मग त्यावर हिरवा रंग चढू लागला. आणखी आठ दिवसांत ते पालेभाजीच्या पाण्यासारखं दाट झालं, पायऱ्या दिसेनाशा झाल्या, फडकी हिरवी निघू लागली. काही मासे उलटे होऊन वर आले. मावशी काठी टेकत आली, बघितलं, आणि रागावली नाही. "उघडं केलंत त्याला," एवढंच म्हणाली. ओढ्याच्या बाजूचं शेवाळ आणून दगडांना बांधून घाटाजवळ सोडायला तिनं मला शिकवलं. ते रुजून पाणी निवळायला थंडी उजाडली. त्या दिवसांत बायका मला काय काय बोलल्या, ते मी ऐकून घेतलं. दुसरं करते काय?

सगळ्यात वाईट मला मावशीचं वाटायचं. ती वाळत चालली होती. तिच्या हातांना नेहमी गाळाचा वास असायचा, तो गेला. पाण्यावरून वारा आला की ती तोंड तिकडे करायची आणि मग आठवण झाल्यासारखी फिरवायची. एकदा मी पाण्यातून वर आले तेव्हा तिनं माझ्या ओल्या लुगड्याचा पदर हातात घेतला, पिळला, आणि ते पाणी आपल्या तोंडावरून फिरवलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग शिमगा आला. पाडवा झाला. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले तेव्हा मी एकच मागितलं, कुणाला निघू देऊ नकोस. चैत्र गेला. कुणाला निघाला नाही. फेट्याच्या तुकड्यांनी राखलं की नशिबानं, देव जाणे. वैशाख लागला तशी मावशी रोज सकाळी दिवस मोजू लागली, आणि तिच्या चालण्यात थोडा जोर आला.

वैशाखाचे दहा-बारा दिवस राहिले असताना माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला.

मला लगेच कळलं. घाटावर बसून ओंजळीनं प्यालेलं पाणी होतं ते. दुसऱ्या रात्री फोड फुटला. ती आग काय असते, ते ज्याला झालं त्यालाच कळावं. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मी बाभळीचा काटा मोडला म्हणून सांगितलं. जावेला सांगितलं, पायाला लागलंय, पाणी तू आण. गोठ्यामागे बसून मी नारू काडीवर गुंडाळायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. तळ्याकडे गेले नाही. माझं पाऊल आता त्या पाण्याला विष होतं, हे गावात फक्त दोघींना कळण्यासारखं होतं आणि त्यातल्या दुसरीला ते कळू द्यायचं नव्हतं.

वैशाख सरला त्या दिवशी मावशी घरोघरी गेली. प्रत्येक दारात उभी राहून विचारत होती. लोकांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं. शेवटी ती आमच्याकडे आली. मी जात्यावर बसले होते. दळताना एक पाय लांब करायचा असतो. मी दोन्ही पाय लुगड्यात गुंडाळून बसले होते. तिला ते दिसलं नाही. तिचं मन केव्हाच पाण्यावर गेलं होतं.

"साऱ्या घरी पुसलं," ती म्हणाली. "कुनाकडंच न्हाई. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं नाही," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं, मावशी."

ती उंबऱ्यात खाली बसली आणि लहान पोरीसारखी हसली. मग उठून म्हणाली, "चला की मंग. तुमी पायरीवर बसा. तुमच्या देखत उतरते म्या."

"तू हो पुढं. मी आलेच."

ती गेली. मी जातं सोडून भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं तळ्याकडून बायकांचा गलका ऐकू आला, हसणं ऐकू आलं, आणि मला कळलं की ती उतरली. मला इतका आनंद झाला की मी पायाची आग विसरले, आणि एकटीच बसून हमसाहमशी रडले. ज्या घटकेची मी वर्षभर वाट बघितली, ती माझ्या घरापासून शंभर पावलांवर होती आणि मला उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दारावरून गेली. हाताला गाळ होता. थांबली.

"लई येळ वाट पाह्यली," ती म्हणाली. "पान्यात हुबी राहून."

"काम निघालं, मावशी."

"व्हय. मोठ्या घरात काम असतंयच."

खरं सांगितलं असतं तर ती त्याच क्षणी पाण्याबाहेर आली असती, कायमची. दीड महिन्यानं माझा पाय बरा झाला, पण तेव्हा सांगणं आणखीच अवघड झालं होतं. पुढं बोलणंचालणं सगळं झालं. दुपारी मी घाटावर जायची, ती पाण्यातून वर यायची, शेजारी बसायची, शेवाळाच्या, पावसाच्या गोष्टी करायची. ती जिवंत होती तोवर ते पाणी तसंच नितळ राहिलं. पण तळ्यात उतरताना तिनं मला परत कधी चला म्हटलं नाही.